चौदा वेळा नाकारलेला अर्ज

दि. १९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. कशी आहेस? भाऊजींचा खोकला थांबला का? इकडे घर रंगवायला काढलंय, त्यामुळे आठवडाभर भांडी पलंगावर आणि मी स्वयंपाकघरात. बाकी ठीक.

पत्र टपोऱ्या अक्षरात छापून पाठवते आहे. का, ते पुढे येईलच. तिथवर पोचायला मला जरा वेळ लागेल, सांभाळून घे.

आधी कामाचं सांगते. आमच्या हाडांच्या दवाखान्याची वेबसाइट मी बघते, हे तुला माहीतच आहे. दोन वर्षांपूर्वी तिच्यावर खोट्या अर्जांचा नुसता पाऊस पडायचा. माणसाच्या नावानं फॉर्म भरणारे प्रोग्राम असतात, ते रोज सकाळच्या सगळ्या वेळा अडवून बसायचे. खरे रोगी दारात ताटकळायचे आणि आत डॉक्टर रिकामे. मग मी फॉर्मच्या शेवटी कोडं घातलं. नऊ चित्रं, त्यातली सायकलची निवडा, दोन मिनिटांत. दुसऱ्या दिवसापासून खोटे अर्ज बंद. मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मी महिनाभर हवेत होते.

यंदा ऑगस्टमध्ये एक बाई जिना चढून थेट माझ्या टेबलाशी आल्या. करडे केस, ताठ पाठ, हातात घडीची पांढरी काठी. जन्मापासून दिसत नाही. एकतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजवर ऑपरेटर होत्या, म्हणून आम्ही त्यांना एक्सचेंजबाई म्हणतो.

“वेबसाइट बघणाऱ्या तुम्हीच का?”

“हो.”

“मग मला सांगा, मी माणूस आहे की नाही?”

मी हातातलं काम बाजूला ठेवलं.

“कारण तुमचा फॉर्म म्हणतो, नाही. सहा वेळा म्हणाला.” मग खुर्ची चाचपून बसल्या. “आवाज लहान आहे तुझा. मी अगंतुगं करते. चालेल ना?”

त्यांनी माझ्याच कॉम्प्युटरवर पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज सुरू केला. इतक्या वेगानं की मला एक अक्षर कळेना, आणि बाई मात्र मान हलवत नाव, वय, फोन नंबर भरत गेल्या. कोड्यापाशी आल्यावर त्यांनी वेग मुद्दाम कमी केला. चित्र. चित्र. चित्र. असं नऊ वेळा. ताई, आपण केलेलं काम कुणी असं ऐकवलं ना, की तोंड लपवावंसं वाटतं.

मी घाईघाईनं म्हटलं, “पण आवाजाचा पर्याय आहे की!” खरखरीत, गोंगाटातून आकडे ऐकू येतात, तो. त्यांनी ते आकडे पहिल्या फटक्यात ओळखले. माझी कळी खुलली.

“खूश होऊ नकोस,” त्या म्हणाल्या. “एक्सचेंजवर झिजलेले कान आहेत हे. माझ्या शेजारच्या आजोबांना दिसतंही कमी आणि ऐकूही कमी येतं. त्यांनी काय करायचं? शिवाय एवढं ऐकेपर्यंत तुझी दोन मिनिटं संपली. हे बघ, सगळं पुसलं गेलं.”

खरंच पुसलं गेलं होतं.

मी त्याच आठवड्यात कोडं काढून टाकायला निघाले. मोठे डॉक्टर म्हणाले, “आणि पुन्हा खोटे अर्ज आले तर? त्यातही हाल रोग्यांचेच ना?” ते काही चुकीचं बोलत नव्हते. मग मी युक्ती केली. फॉर्ममध्ये एक लपवलेला रकाना ठेवला. माणसाला तो दिसत नाही म्हणून रिकामा राहतो; प्रोग्रामला मात्र रकाना सापडला की भरल्यावाचून राहवत नाही. भरला की अर्ज बाद. कुणाला काही सोडवायला नको. माझी मीच पाठ थोपटली आणि बाईंना फोन केला.

त्या आल्या, फॉर्म भरला, आणि पुन्हा बाद!

रकाना मी डोळ्यांपासून लपवला होता, कानांपासून नाही. आवाजानं तो वाचला आणि बाईंनी इमानेइतबारे त्यात आपला पत्ता भरला. मला रडू यायचं बाकी होतं. त्या मात्र खो खो हसत सुटल्या. “अगं, आठव्यांदा! आता मलाच शंका यायला लागली माझ्याबद्दल.”

तो रकाना मी मग कानांपासूनही लपवला, आणि तरी चुकून कुणापर्यंत पोचलाच तर म्हणून त्यावर साध्या शब्दांत लिहिलं, ‘ही जागा रिकामी सोडा.’ वेळेची मर्यादा काढली. अर्ज डोळ्याची पापणी लवायच्या आत भरला गेला, किंवा एकाच ठिकाणाहून शंभर आले, तरच संशय घ्यायचा. आणि संशयित अर्ज बाद करायचा नाही, बाजूला ठेवायचा. ही शेवटची कल्पना बाईंची. “त्यांना मी फोन करीन,” त्या म्हणाल्या. “तीन वाक्यांत सांगते, माणूस आहे की नाही.” आता आठवड्यातल्या दोन सकाळी त्या पगारावर माझ्या शेजारी बसतात. परवा एका खडूस आजोबांना त्यांनी इतकं बोलतं केलं, की अपॉइंटमेंट राहिली बाजूलाच, आजोबा गुडघ्याचा सगळा इतिहास सांगून मोकळे. खोटे अर्ज अजूनही चारदोन निसटतात. पण दारात कुणी ताटकळत नाही. इतक्या शांतपणे कुणी माझी चूक माझ्या हातात ठेवल्याचं मला आठवत नाही. अपमान त्यांचा झालेला, आणि धीर त्या मला देत होत्या.

आता ते सांगते, ज्याच्याभोवती मी इतका वेळ घुटमळते आहे.

पहिल्या दिवशीच निघताना बाईंनी विचारलं होतं, “बाद झालेल्यांची यादी असेल ना तुझ्याकडे? कधी उघडलीस?” कधीच नाही. त्या गेल्यावर उघडली. पावणेदोन वर्षांपूर्वीच्या एका दुपारी एकच नाव चौदा वेळा. दोन वाजून दहा मिनिटांपासून जवळजवळ चारपर्यंत. नाव तुझं होतं, ताई. तक्रारीच्या जागी दर वेळी नव्यानं लिहिलेलं, ‘उजवा खांदा वर जात नाही.’

चार वाजता तू मला फोन केला होतास. मी मीटिंगमध्ये होते. “तुझा तो फॉर्म मला काही जमत नाही गं,” म्हणालीस. आणि मी काय म्हटलं, ते तुला आठवतच असेल. “सगळं जग भरतंय, तुलाच कसं जमत नाही? जरा नीट बघ की.” तू ‘बरं’ म्हणून फोन ठेवलास. त्यानंतर माझे फोन भाऊजीच उचलत आले. मला वाटलं, तू उगाच रुसलीस. मीही फुगून बसले.

यादी बघून मी भाऊजींना दुकानावर गाठलं. त्यांनी आधी समोरचं गिऱ्हाईक वाटेला लावलं. मग म्हणाले, “नजरेचा मधला भाग गेलाय तिच्या. कडेचं तेवढं दिसतं. तुला सांगू नको म्हणाली होती.” छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं तपासलेली बाई तू. तुझ्या हाताखालून गेलेल्या पानावर चुकीचा अनुस्वार राहत नसे. तिला मी नीट बघायला सांगितलं.

माझ्या हातात होतं, तेव्हाच तुझं नाव मागच्या दारानं अपॉइंटमेंटच्या यादीत घालता आलं असतं. बाईंना तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, “उपकार नकोत गं तिला. पुढचं दार उघड आणि थांब.” म्हणून फॉर्म बदलल्याचं फक्त भाऊजींच्या कानावर घातलं, आणि थांबले. अडीच महिने.

आज सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी तुझा अर्ज आला. पहिल्याच खेपेला. भरायला एकोणीस मिनिटं लागली आणि कुणी मधेच पुसला नाही. मी तो बाईंना दोनदा वाचून दाखवला.

गुरुवारी साडेअकराची वेळ आहे तुझी. मी खाली दाराशी उभी असेन. पायऱ्या अकरा आहेत, कठडा डावीकडे. हात देशील तर धरीन. नाही दिलास, तरी शेजारून चालेन.

‘क्षमा माग’ म्हणण्याआधीच मागते आहे,
तुझी धाकटी