दोन गाठी आणि माझा निर्णय

प्रिय माय,

आज माझा शेवटचा शेक झाला. रेडिएशनला इथं सगळे शेकच म्हणतात. नांदेडहून लोह्याला घरी आले, चहा घेतला आणि सगळ्यात आधी तुलाच सांगावंसं वाटलं.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. तुझी पाठ चोळताना छातीतली गाठ माझ्या हाताला लागली. मी दहा वर्षांची. "कुणाला सांगू नको, लाज वाटती," म्हणालीस. मी सांगितलं नाही. बाबांना कळलं तेव्हा लई उशीर झाला होता. एवढ्याशा पोरीवर एवढं मोठं गुपित कशाला टाकलंस, माय?

म्हणून मला गाठ लागली त्याच दिवशी मी ह्यांना सांगितलं. तपासणीत एकाच स्तनात दोन गाठी निघाल्या. ह्यांचा चेहरा उतरला. "डॉक्टर, सगळंच काढून टाका," म्हणाले.

डॉक्टरीणबाई मात्र माझ्याकडं बघून बोलल्या. "पूर्वी दोन गाठी म्हटलं की पूर्ण स्तन काढायचे. आता प्रत्येकीला तसं लागत नाही. तुमच्या गाठी लहान आहेत. तेवढ्याच काढता येतील, पण मग शेक घ्यावाच लागेल. काढलेल्या भागाच्या कडेला आजार उरला तर पुन्हा ऑपरेशन. तुम्हाला काय हवंय?"

असं तुला कधी कुणी विचारलं होतं का?

मी आठ दिवस मागून घेतले, सगळं दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, "गाठीच काढा. शेक घेते."

ऑपरेशननंतर घागर उचलवेना. यंदा पाऊसच नाही, सगळा भार टँकरवर. हे बायकांच्या रांगेत उभे राहिले. कुणी विचारलं की सांगायचे, "बायकोचं छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय." आवाज खाली न करता! मी दारात ऐकत होते, आणि मला लाज वाटली नाही.

रिपोर्ट आला. दोन्ही गाठी पूर्ण निघाल्या, कडा साफ, काखेत काही नाही. मग रोज एसटीनं नांदेड. कातडी काळवंडली, थकले, पण एकही खेप चुकवली नाही. माय, मी जिंकले.

आपली शकू, तू गेलीस तेव्हा रांगत होती. ती अजून तपासणीला यायला तयार नाही. "मला काय न्हाई झालं, अक्का," म्हणती. तुला शब्द देते, सोमवारी लातूरला जाऊन तिला हाताला धरून दवाखान्यात नेते. रडली तरी, रुसली तरी.

तुझी,
कमल