द्विजांची बांधी

गुरुजी, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर संशय घेणं बरं दिसत नाही. तरी थोडा शिल्लक आहे, आणि त्याला कारण तुमचाच एक शब्द. मागच्या आठवड्यात बांधी देणाऱ्या बाईंचा पुतण्या घरी आला. बाई वारल्यावर शेती त्याच्याकडे आली आहे. हातात बोडीच्या पाण्यालगतच्या त्या भाताच्या बांधीचं जुनं दानपत्र होतं, माझ्याच अक्षरातलं. एका शब्दावर बोट ठेवून तो म्हणाला, "मास्तर, हे द्विज मंजे कोन जी?"

मालगुजारी नुकतीच गेली होती तेव्हाची गोष्ट. मी तुमच्याच हाताखाली शिकून तुमच्याच शाळेत मास्तर झालेला, बाविशीचा, आणि सर्वज्ञ. तुम्ही मला बाईंच्या ओसरीवर नेलंत आणि दानपत्र सांगायला बसलात: 'बोडीला लागून असलेली एक बांधी द्विजांप्रीत्यर्थ दिली असे, तीत रोवणी करू नये.' बाई विधवा, शेतीत पुरुषाला लाजवणाऱ्या. त्यांनी एक अक्षर न विचारता अंगठा उठवला. मी मात्र लिहिता लिहिता हिशेब लावला. गावात ब्राह्मणांची घरं दोन. एक माझं, आणि मला कुणी काही देत नव्हतं.

मग मी पाळत ठेवायला लागलो. शाळेआधी रोज सकाळी तुम्ही पंचा खांद्यावर टाकून बोडीच्या मातीच्या उंच पाळीवर जाता, घटकाभराने परत येता, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं असतं, आणि चेहऱ्यावर असं समाधान असतं जे संध्येनंतर कधी पाहिलं नाही. मी एकदा म्हणालो, मीही येतो. तुम्ही म्हणालात, "तू नको. तुझे पाय वाजतात." मला हे फार लागलं. अष्टाध्यायीपासून अमरकोशापर्यंत जे सांगाल ते मी घोकलं होतं. पाय वाजू नयेत असं कुठल्याही सूत्रात नव्हतं. माणूस सोबत कुणाला नेत नाही म्हणजे तिथे काहीतरी लपवत असणार, हे मी तर्कशास्त्राने सिद्ध केलं आणि एका दुपारी बाईंकडे गेलो.

बाई सुपात तांदूळ पाखडत होत्या. म्हणाल्या, "बसा मास्तर. काऊन आले?" मी विचारलं, द्विज म्हणजे कोण हे ठाऊक आहे का? "नाई बापा. देवाचं काई असन." मी म्हणालो, "द्विज म्हणजे ब्राह्मण. दोनदा जन्मलेला." सूप थांबलं. "मंजे गुरुजीच?" मी काही बोललो नाही. न बोलण्याचा पुरेसा अभ्यास मला होता.

दुसऱ्या दिवशी तुमच्या पाठोपाठ बाई पाळीवर गेल्या, आणि शाळा भरायच्या वेळी शाळेच्या भर अंगणात उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता दानपत्र फाटणार. बाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. "मास्तर, पायले मी तुमचे बामन! मानसाएवढे उंच, लाल डोक्याचे, अन् बायकोले सोडून एक पाऊल टाकत नाईत. असा बामन त मी आजवर नाई पायला बापा!" बांधीतल्या पाण्यात गवताचं घरटं होतं, त्यात दोन अंडी, आणि भोवती सारसांची जोडी. मग त्या तुमच्याकडे वळल्या. "गुरुजी, पाखरं होते त पयलेच काऊन नाई सांगतलं?"

"सांगितलं असतं, तर दिली असती का तुम्ही?"

बाई म्हणाल्या, "नसती देली." मग म्हणाल्या, "आता देली त देली."

म्हणजे गुरुजी, माझा संशय अगदीच वाया नव्हता. लबाडी झाली होतीच, फक्त तुमच्या पोटासाठी नव्हती. द्विज म्हणजे ब्राह्मण आणि पक्षीही: एक आईच्या पोटी जन्मून मुंजीत पुन्हा जन्मतो, दुसरा आधी अंड्याच्या रूपाने आणि मग अंडं फोडून. दात हा तिसरा अर्थ. पण ते तुम्हाला तेव्हा चारच उरले होते, त्यांना बांधी कशाला? बाई घरी परतल्यावर तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंत. "कोश अर्धाच पाठ झाला का रे तुझा?" मी मान खाली घालून "हो" म्हणालो. तुम्ही पुन्हा तो विषय काढला नाहीत. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा एकटेच पाळीवर जात राहिलात.

तर हा पुतण्या. म्हणाला, "लोक म्हनते पाखराइले देली. पाखराइले का कोनी जमीन देते? तसं असन त यंदा रोवूनच टाकतो मी." खिडकीतून बोडी दिसत होती. जोडी यंदाही उतरली आहे. मी म्हणालो, "द्विज म्हणजे ब्राह्मण. दिलेलं परत घेणं याला शास्त्रात दत्तापहार म्हणतात, मोठं पाप आहे." त्याने विचारलं, "गावात बामन तुमीच उरले न आता?" मी काही बोललो नाही. कागदाची घडी करून तो उठला. "बामनाचं वापस नाई घेत आमी," म्हणाला, आणि जाताना दारातून एकदा वळून पाहिलं. ती नजर मी ओळखली. बाविसाव्या वर्षी माझ्याच डोळ्यांत होती.

आता गावात बोलतात की मास्तरने बांधी गिळली. रोज सकाळी मी पाळीवर जातो, तेव्हा तो माझ्या मागे असतो, पळसाच्या आडून. त्याचे पाय फार वाजतात. सांगावंसं वाटतं, पण सांगितलं तर तो पुढे येऊन पाहील, आणि त्याच्या हसण्यावर माझा बाईंइतका भरवसा नाही.

हे पत्र कुठे पाठवणार? दानपत्राची नक्कल ठेवली आहे, तिच्यातच घालून ठेवतो. एक तेवढं राहिलं. त्या दिवशी मी खोटं "हो" म्हणालो. कोश मला पूर्ण पाठ होता, गुरुजी. बाईंना एक अर्थ सांगताना दुसरा जिभेवरच होता.