मावशीच्या कपाळाला कुंकू

आई,

आज कॉलेजातून आल्यापासून अन्नावर वासना नाही. तुझी सून दोनदा येऊन विचारून गेली. पित्त झालंय म्हणून सांगितलं. पित्त झालेलं नाही, शिसारी आली आहे. ताटात केस निघाला की तू ताट सरकवून उठायचीस, त्या जातीची. फक्त आज घाण अशी कुठं नव्हतीच. फरशी फिनेलनं पुसलेली, दाराला झेंडूची तोरणं, उदबत्तीचा वास, इस्त्रीच्या साड्या. एवढ्या स्वच्छ जागेत मला ती का आली, ते तुला सांगावं असं वाटलं, कारण त्यातलं थोडं तुझ्यापर्यंत जातं.

तू होतीस तेव्हा मी नुकताच इथं कोल्हापुरात नर्सिंगच्या मुलींना शिकवायला लागलो होतो. गावात तू सांगायचीस, पोरगं दवाखान्याच्या शाळेत मास्तर हाय. काय शिकवतो ते तू कधी विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. मी शरीर शिकवतो, आई. पहिल्या वर्षाच्या मुली येतात, त्यांना हाडं कुठली, हृदयाला कप्पे का, श्वास घेताना छातीत काय होतं, मूत्रपिंड झोपेतसुद्धा काय गाळत बसतं, हे सांगतो. त्याआधी बरीच वर्षं वॉर्डात काढली. कुजलेल्या जखमा धुतल्या, बेडका भरलेली भांडी उचलली, म्हाताऱ्या माणसांची आतडी मोकळी केली. किळस म्हणशील तर मला सहजासहजी येत नाही. उलट हृदयाच्या झडपा शिकवताना दरवर्षी मनातल्या मनात हात जोडले जातात. कुणी न सांगता एवढीशी चामडी आयुष्यभर दार उघडते आणि लावते. माझी सकाळची पूजा आणि माझा तास यात मला कधी भांडण दिसलं नाही.

आमच्याकडे एक सांगाडा आहे. आता सगळीकडे प्लास्टिकचे येतात, हा जुना आहे, खरा, चहासारख्या रंगाचा, सांध्यांना तारा ओवलेल्या. कुठून आला ते कुणालाच ठाऊक नाही. त्याच्या स्टँडचं एक चाक मोडलंय, त्यामुळे कपाटाबाहेर काढला की कुणीतरी दंडाला धरून उभं राहावं लागतं. मुली आधी त्याला पावणं म्हणायच्या. "पावणं, सरका की जरा," असं म्हणून फळा पुसायच्या. मग कमरेच्या हाडांचा तास झाला. पुरुषाचं हाड अरुंद आणि उभट, बाईचं पसरट आणि मधून मोकळं, मूल बाहेर यायला वाट असलेलं. मी सांगाड्याकडे बोट केलं आणि विचारलं, आता सांगा पाहू. मागून राधानगरीकडची एक मुलगी म्हणाली, "आगं बया, ह्या तर मावशी निघाल्या." त्या दिवसापासून तिचं नाव मावशी. ही मुलगी तोंडानं फटकळ आहे, अभ्यासात मध्यम, पण मावशीवरची धूळ तीच पुसायची.

पुढं गर्भाशयाचा धडा आला. तू पिशवी म्हणायचीस, तीच. हा धडा पुष्कळ ठिकाणी घरी वाचून घ्या म्हणून सोडून देतात. पहिली काही वर्षं मीही फळ्याकडे तोंड करून शिकवला. आता मुलींकडे बघून शिकवतो. दर महिन्याला पिशवी आतून एक मऊ अस्तर तयार करते, येणाऱ्या जिवाला टेकायला. कुणी आलं नाही की ते मोडून बाहेर टाकते आणि पुन्हा पहिल्यापासून मांडायला घेते. मी सांगून थांबलो, तेव्हा तीच राधानगरीची मुलगी उठली. तिनं विचारलं, "म्हंजे सर, ते घाण रक्त न्हवं?" मी म्हणालो, नाही. तुझ्या करंगळीत वाहतं तेच. "मग घरात सगळी खोटं सांगत्यात?" असं तिनं पुढं विचारलं. मी म्हणालो, त्यांना माहीत नाही. तुम्हाला आता माहीत झालं.

ते बोलताना मला तू दिसत होतीस. मी दुसरीत असेन. माझ्या अंगात ताप भरलाय, चुलतीनं काढा पाजलाय आणि तू परड्यात वळचणीखाली घोंगड्यावर बसली आहेस. मी धावत येतो. तू दोन्ही हात पाठीमागं घेतेस. "शिवू नगंस बाळा, लांब बस," म्हणतेस. मी रडतो, तूही रडतेस, पण हात पुढं येत नाहीत. मी तिथंच मातीत आडवा होतो. जाग येते तेव्हा तू हाताच्या अंतरावरून सुपानं मला वारा घालत असतेस. किती वेळ घालत होतीस कुणास ठाऊक. या आठवणीनं मी बरीच वर्षं तुझ्यावर जीव टाकला. आज पहिल्यांदा त्या सुपाची चीड आली. आणि आणखी एक आठवलं. भाताच्या लावणीला, गुडघ्याएवढ्या चिखलात, तुला कुणी कधी विचारलं नाही की आज तू बाहेरची आहेस का. तेव्हा बायकांचे हात कमी पडायचे. तुझ्या त्याच हातांनी लावलेला भात पुढं देवाला नैवेद्यात चालला. चुलीपाशी न चालणारी बाई चिखलात चालत होती. हे तुला तेव्हा दिसलं होतं का, असं विचारावंसं वाटतं.

आज खंडेनवमी. आमच्याकडे दरवर्षी प्रयोगशाळेत हत्यारांची पूजा होते. कात्र्या, चिमटे, रक्तदाब बघायची यंत्रं, प्लास्टिकचं धड, सगळं टेबलावर मांडतात. यंदा कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की मावशीलाही मांडायचं. संस्थेच्या अध्यक्षांच्या पत्नी पूजेला येतात, त्यांना सगळे वहिनीसाहेब म्हणतात. बाई वाईट नाहीत. मुलींना नावानं ओळखतात, आजारी पडलेल्या मुलीच्या घरी स्वतः फोन करतात. त्या आल्या, ताट हातात घेतलं आणि अगदी मायेनं म्हणाल्या, "कुणाला अडचण असंल तर बाहेर थांबा गं बाळांनो. लाजायचं न्हाई त्यात काय."

चार मुली निघाल्या. कुणी त्यांना ढकललं नाही. सवयीनं निघाल्या, वर्गात दिवा लागला की पंखा लावायला हात जावा तशा. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. या चौघींच्या उत्तरपत्रिका मी तपासल्या होत्या. मग कुणीतरी कुजबुजलं आणि सगळ्यांच्या माना मावशीकडे वळल्या. राधानगरीची पोरगी मावशीचा दंड धरून उभी होती. तिच्या मैत्रिणीनं डोळ्यांनी दाराकडे खुणावलं. ती हलली नाही. म्हणाली, "मी सोडलो तर मावशी पडत्यात की." मुली हसल्या. वहिनीसाहेबही हसल्या आणि म्हणाल्या, दुसरी कुणीतरी धरील, तू हो लांब. तेव्हा ती माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही. "सर, तुमीच सांगा की त्यास्नी. तुमी शिकवलंयसा."

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता, आई. धडा फळ्यावर शिकवणं सोपं असतं, तिथं समोर कुणी ताट घेऊन उभं नसतं. मी एवढंच म्हणालो, "वहिनीसाहेब, हा सांगाडासुद्धा बाईचाच आहे." आवाज माझा मलाच बारीक वाटला. त्यांनी मावशीकडे वरून खाली पाहिलं आणि हसून म्हणाल्या, "सर, तिचं आता काय ऱ्हायलंय? तिचं सगळं संपलं की." मोठा हशा झाला. प्राचार्या हसल्या, मुली हसल्या. ती पोरगी हसली नाही. तिनं माझ्याकडे आणखी थोडा वेळ बघितलं, मी पुढं काही बोलतोय का म्हणून. मी बोललो नाही. शब्द नव्हते असं नाही, शब्द वर्षानुवर्षं पाठ आहेत. मग तिनं मावशीचा हात अलगद माझ्या हातात दिला आणि बाहेर गेली.

पूजाभर मी मावशीला धरून उभा होतो. वहिनीसाहेबांनी तिच्या कपाळाच्या हाडाला हळद लावली, कुंकू लावलं. ते ओलं कुंकू डोळ्याच्या खोबणीत ओघळलं. कुणीतरी बरगड्यांच्या फटीत उदबत्ती खोवली. तिची राख खाली कमरेच्या त्या मोकळ्या हाडात पडत होती, ज्याच्यावरून आम्ही तिला बाई म्हणून ओळखलं होतं. समोर दोघीतिघी मोबाइलवर सगळं टिपत होत्या, संस्थेच्या पानावर टाकायला. एकीनं मला थोडं हसा म्हणून सांगितलं. शिसारी तिथं सुरू झाली. ही कोण बाई, कुठं मेली, हिला कुणी अग्नी का दिला नाही, हिचं सुतक कुणी पाळलं का, हे एकाही माणसाला विचारावंसं वाटलं नव्हतं. मेलेल्या बाईची हाडं देवासमोर चालत होती. जिवंत पोरगी दाराबाहेर. बाईतलं रक्त, मांस, पिशवी सगळं गळून पडलं की मगच तिला कुंकू, असा जर हिशेब असेल, तर आम्ही वर्षभर त्या मुलींना काय शिकवतो?

आरती झाल्यावर बाहेर आलो. पाचही जणी व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या होत्या. आतून एक मुलगी कागदावर पेढे घेऊन आली आणि प्रत्येकीच्या ओंजळीत वरून टाकत गेली, बोट लागू न देता. उद्या हीच मुलगी वॉर्डात परक्या माणसांचं रक्त काढणार आहे. "मासिक पाळीचं रक्त अशुद्ध नसतं," हे वाक्य तिनं माझ्या पेपरात स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं आणि मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले होते. मी त्या चौघींना म्हणालो, तुम्ही बाहेर का आलात? एक म्हणाली, "आमाला काय वाटत न्हाई ओ सर, सवय हाय." तिला वाटलं मी तिची समजूत काढतोय, म्हणून तिनंच माझी काढली.

राधानगरीची पोरगी बाजूला ओंजळ धरून बसली होती. माझ्यावर रागावली असेल असं समजून मी जवळ गेलो. तिनं ओंजळीतला पेढा मोडला आणि अर्धा माझ्यापुढं धरला. "तुमाला मिळाला न्हाई, सर. घ्या की." हे ती मुद्दाम करत होती की मायेनं, मला कळलं नाही. कदाचित तिलाही माहीत नसेल.

माझा हात उठला नाही, आई. फार वेळ नाही, एका श्वासाएवढा. ते रक्त कुठून येतं, का येतं, कशाचं असतं, सगळं मला माहीत होतं. जिल्ह्यातल्या कितीतरी पोरींना मीच शिकवलंय. तरी माझ्या दंडानं माझं ऐकलं नाही. तो तुझं ऐकत होता. तिनं ते पाहिलं. चेहऱ्यावर काही दिसलं नाही, फक्त तिचा हात आणखी थोडा पुढं आला. मग मी पेढा घेतला आणि तिच्यासमोर उभं राहून खाल्ला. ती म्हणाली, "बरं झालं सर," आणि ओढणीला हात पुसून मावशीला कपाटात लावायला आत गेली. कुंकवाचे डाग तिनं नखानं खरवडून काढले, ते मी दारातून पाहिलं. आत जाऊन तिला मदत करावी एवढंही मला सुचलं नाही.

उद्या जाऊन वहिनीसाहेबांशी बोलायचं ठरवलंय. नोकरीचं काय होईल ते होईल, म्हणजे आत्ता या घडीला तरी असं वाटतंय. पण हे सगळं वहिनीसाहेबांच्या वागण्यामुळे झालं असं मी वर लिहून गेलोय, आणि ते अर्धंच खरं आहे. तुला पत्र धाडायला पत्ता नाही, हे बरंच आहे, नाहीतर पुढची ओळ लिहिली नसती. तो पेढा खाल्ल्यापासून मी पाण्याचा घोटसुद्धा घेतलेला नाही. तुझ्या सुनेला माहीत नाही, पण मघापासून दोनदा उठून मोरीपर्यंत जाऊन आलो. दोन्ही वेळा तोंडातला तो पेढा धुऊन टाकायला तांब्या उचलला आणि खाली ठेवला. चूळ अजून भरलेली नाही.