भाचीला पाठवलेल्या ताठ बाणांबद्दल

आदरणीय चोइजिलदादा यांस,

धनुष्य (डोंगरी बोकडाचं शिंग, भूर्जाची पट्टी, हरणाच्या शिरा, सरससुद्धा घरी शिजवलेला), अंगठ्याची चामडी टोपी, भाता, आणि नदीकाठच्या वाळुंजाच्या फांद्या दोन हिवाळे सावलीत वाळवून, तासून, त्यांना हाडाचं बोथट टोक आणि गिधाडाची पिसं बसवून केलेले बाण. माझ्या पोरीसाठी, यांजमासाठी, हे सगळं मी माझ्या हातानं केलं. मला कोणी शिकवलं नाही. हे आधी लिहितो, कारण पुढचं वाचताना तुम्ही म्हणाल, या मेव्हण्याला काय कळतं.

तर, उन्हाळा बरा चाललाय ना? जनावरं अंगानं भरलीत ना? (तुमच्याकडे राजधानीत जनावरं नाहीत, नुसती मोटार आहे. ती भरली असेल.) गुडघा कसा आहे? माझी प्रकृती उत्तम होती, तुमची पेटी येईपर्यंत.

लाल रोगणाचे, सोनेरी रेघांचे बाण! दुकानदारानं सांगितलं, "साहेब, याहून महाग काही नाही," आणि तुम्ही घेतले. दादा, बाण म्हणजे लग्नातला आहेर नव्हे. धनुष्याचा दांडा मधोमध असतो आणि बाण त्याच्या कडेनं सुटतो. म्हणून सुटताना तो माशासारखा अंग वळवतो आणि दांड्याला वळसा घालून सरळ जातो. किती वळायचं हे ज्या त्या धनुष्याच्या जोरावर ठरतं. यांजमाचं धनुष्य हलकं, आणि तुमचे बाण एखाद्या पैलवानाच्या धनुष्याचे. ते वळतच नाहीत. ताठ्यानं जातात ते थेट उजवीकडे. शिवाय तिच्या हातापेक्षा चांगले वीतभर लांब, म्हणजे तोंडाकडे जड. (वीत माझी, तुमची नव्हे.)

मी हे सगळं पोरीला सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, मामानं दिलेत." मी तिच्या आईकडे पाहिलं. तुमची बहीण चहात मीठ घालता घालता म्हणाली, "माझ्या भावानं दिलेली वस्तू, तो स्वतः 'ठेव' म्हणेपर्यंत खाली ठेवायची नाही. तुमच्याकडे मामाला किंमत नसेल, आमच्याकडे आहे." संपलं. या घरात बापानं बाण करायचे आणि चालवायचे मामाचे.

मग आमच्या तालुक्याचा नादाम, उन्हाळी खेळांचा मेळा, आला. जमिनीवर नेम धरायच्या चामडी गोळ्यांची रांग, बाजूला पंच, आणि पंचांच्या उजव्या अंगाला पाहुण्यांचा मंडप. यांजमानं पहिला बाण सोडला. (सोडला सुंदर. हात माझ्यासारखा.) बाण मंडपात शिरला आणि तालुकाप्रमुखांच्या मांडीवरचं घोडीच्या दुधाचं भांडं घेऊन पलीकडे गेला. आमचे थोरले पंच दाम्बा आजोबा, त्यांना अलीकडे लांबचं दिसत नाही. काहीतरी धाडकन पडल्याचं ऐकताच त्यांनी सवयीनं दोन्ही हात आभाळाकडे केले आणि "ऊऽऽखाई!" असा लांबलचक जयघोष गायला. गोळी पडल्यावर गातात तो! प्रमुखांच्या छातीवरच्या पदकांवरून दूध ठिबकतंय आणि आजोबा गातायत. शेवटी प्रमुखच ओरडले, "आजोबा, मी पडलोय, गोळी नाही!" दुसरा बाण पुन्हा उजवीकडे. तिसऱ्याला सगळे पंच न सांगता उठून डावीकडे जाऊन उभे राहिले. म्हणजे त्यांना कळलं, दादा. आंधळ्या आजोबांनासुद्धा कळलं.

लोक हसले, तेही मी सोसलं. पण घोड्यावरून परत येताना पोरगी म्हणाली, "बाबा, माझाच हात वाकडा आहे. जिल्ह्याच्या नादामातही असंच झालं तर मी धनुष्य ठेवून देईन." मी म्हटलं, हात सरळ आहे तुझा. बाणांबद्दल काय बोलणार? तिच्या मामाचं नाव काढायची मला बंदी आहे.

तिनं माझे बाण वापरलेच पाहिजेत असं मुळीच नाही. मला काही पडलेली नाही. ते तंबूच्या कोपऱ्यात पडलेत. थंडीत चुलीला होतील.

आपला मेव्हणा,
दाशझेवेग

ता. क. तुमच्या बहिणीनं वाळवलेलं दही पाठवलंय. माझ्या रागाचा त्याच्याशी संबंध नाही, खा.

ता. क. २. जिल्ह्याचा नादाम येत्या आठवड्यात आहे. हे पत्र मिळताच यांजमाला फोन करा आणि तुमच्याच तोंडानं म्हणा, "यांजमा, माझे बाण पेटीत ठेव, बापाचे घे." मी सांगितलं असं म्हणू नका. गुडघा दुखतोय, सहज आठवण आली, काहीही सांगा. पण हात वाकडा नाही हे नक्की सांगा. माझं ती खरं मानत नाही. म्हणते, बाप आहेस म्हणून बोलतोस.

ता. क. ३. तुमचा तो दुकानदार परवा जीप घेऊन इथवर आला होता. कोपऱ्यातले बाण त्यानं उचलले, वाकवून पाहिले, एका डोळ्यानं टोकापर्यंत पाहिलं आणि सगळा संच मागितला. मी म्हटलं, पोरीचे आहेत, विकायचे नाहीत. तुमच्या लाल बाणांच्या दुप्पट, तेही रोख देत होता. चाळीस लाख तुग्रुग.