साक्षगंधानंतर

गोळीबार चौक, नागपूर
दि. २४ ऑगस्ट २०२५

नत्थू,

रामराम. कौसल्यावहिनींना नमस्कार सांग. पावसाळ्यात त्यांचे गुडघे जास्त धरतात, शेक बंद करू नका म्हणावं.

इकडे सर्व ठीक, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. कुसुमावतीची शुगर वाढली आहे. माझं दुकान सुरू आहे. गांधीबागेत महालक्ष्म्यांच्या साड्यांना गर्दी आहे, दिवसभर गादीवर बसून साड्या उलगडतो आणि घड्या घालतो. काल एका बाईला तीच साडी पुन्हा पुन्हा दाखवली, तेव्हा शेठ म्हणाला, "बाबनराव, घरी जाऊन आराम करा." घरी जायलाच पाय उचलत नाही, हे त्याला काय सांगू?

फोन करता आला असता. पण तुझा आवाज ऐकला की मी पुन्हा खाप्यातला तो पोरगा होतो. कन्हानच्या पाण्यात तू माझा करदोडा धरून पोहायला शिकलास. शिकलास कसला, नुसता लटकायचास! मी दोघांचं वजन ओढायचो आणि काठावर आल्यावर तूच मोठ्याने सांगायचास, "आज मी बाबनले वाचवलं." आपल्या दोघांच्या घरचे माग बंद पडले तेव्हा एकाच बसने नागपूरला आलो. तू धंद्यात वर गेलास, मला कधी पोटात दुखलं नाही. तुझं घर ते माझं घर, असं मी पोरीला लहानपणापासून सांगत आलो.

तर उत्तर.

गुरुवारी भैयाजी तुझा निरोप घेऊन आले. समाजाचे वडीलधारे, त्यांना दारातून परत कसं पाठवणार? सोबत संत्रा बर्फीचा डबा. कुसुमावतीने तो हातात घेतला आणि तशीच उभी राहिली, ठेवावा कुठे ते तिला सुचेना. भैयाजींनी चहा घेतला, पावसाबद्दल बोलले, आणि मग म्हणाले, "बाबन, आता मिटवून टाका गा. अभिजीत जामिनावर सुटलाच आहे. पोरगी कोर्टात म्हणून देईल का गैरसमज झाला. दिवाळीनंतर लग्न लावून टाकू. नत्थू खर्च त्याच्याकडून करून राहिला."

मी विचारलं, "आणि प्रणाली?"

"साक्षगंध झालेली पोरगी म्हणजे अर्धी बायकोच ना गा! तिले दुसरीकडे कोण करन?"

अर्धी बायको. हेच तुझ्या अभिजीतच्या वकिलाने जामिनाच्या वेळी सांगितलं होतं. अंगठी घातली होती, स्वतःच्या पायाने त्या घरात गेली, ओरडली नाही, अंगावर ओरखडा नाही. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होतो. आमच्या वकीलबाई रोशनीताई नंतर मला म्हणाल्या, "काका, ओरडली नाही म्हणजे होकार दिला, असं कायदा मानत नाही." मला ते समजायला कायद्याची गरज नाही. साक्षगंधात तू माझ्या हातात नारळ दिलास आणि मी होकार दिला. तिला विचारून दिला, आणि लग्नाला दिला. त्या दिवशी तिने अभिजीतला नाही म्हटलं होतं. हात सोडा म्हटलं होतं. तुमच्या बाबांना येऊ द्या म्हटलं होतं. पोलिसांनी त्याला बलात्कार असा शब्द लिहिला आहे. हा शब्द लिहिताना माझा हात थांबतो, पण तोच शब्द आहे, दुसरा मला मिळाला नाही.

आणि ती तिथे गेली कशी, हेही लिहून टाकतो. एप्रिलमधल्या त्या रविवारी तूच फोन केला होतास. "बेटा, हुडकेश्वरच्या घरी किचनच्या टाइल्स आल्या आहेत. तुले राहायचं आहे, तूच पसंत कर. अभिजीत घ्यायले येते, मी पण तिथंच येऊन राहिलो." फोन स्पीकरवर होता. ती किती खूश झाली होती! फिक्का पिवळा रंग घेणार, म्हणत होती. एकट्या अभिजीतने बोलावलं असतं तर ती गेली नसती, हे तिने पहिल्याच दिवशी पोलिसांना सांगितलं. काका येणार होते म्हणून गेली. तू उशिरा आलास. उशीर कोणालाही होतो, त्याबद्दल मी तुला एका शब्दाने बोललेलो नाही.

संध्याकाळी तूच तिला स्कूटरवर घरी आणून सोडलंस. मी गॅलरीतून हाक मारली, "वर ये गा, चहा घेऊन जा." तू खालूनच म्हणालास, "नाही गा, घाई आहे. पोरीले ऊन लागलं, पन्हं दे." आणि गेलास. इतक्या वर्षांत तू कधी खालून परत गेला नव्हतास. मला ते तेव्हाच खटकलं होतं. मग तिने आईला सगळं सांगितलं, ठाणं झालं, दवाखाना झाला, तुझा पोरगा आत गेला, आणि तू माझ्याकडे आला नाहीस. मी कुसुमावतीला म्हणत राहिलो, त्याला काय माहीत, त्याने पोरीला फक्त घरी सोडलं. शरमेने येत नसेल बिचारा. तुझी बाजू मी माझ्याच घरात लढवली, नत्थू.

या गुरुवारपर्यंत.

भैयाजींचं बोलणं प्रणाली स्वयंपाकघराच्या दारातून ऐकत होती. ती बाहेर आली. ठाण्यातून आल्यापासून ती कोणासमोर येत नाही, म्हणून मी उठलो, तर तिने मला हाताने बसवलं. भैयाजींना म्हणाली, "काकाले माहीत आहे का, तुम्ही काय निरोप घेऊन आले ते?"

"त्यानंच तर पाठवलं वं बेटा," भैयाजी म्हणाले. "तो म्हणते, मले काहीच माहीत नव्हतं, नाही तर तेव्हाच दोघांले समजावलं असतं."

प्रणाली खाली बसली. सतरंजीवरच बसली, जिथे उभी होती तिथेच. भैयाजी गेल्यावर तिने आम्हाला सांगितलं.

तू हुडकेश्वरला पोहोचलास तेव्हा ती टाइल्सच्या खोक्यांवर बसली होती. तिने तुला सगळं सांगितलं. शब्द तिच्याजवळ होते, तिने सांगितले. तू अभिजीतच्या कानाखाली मारलीस. (हे तिने आवर्जून सांगितलं. तुझं चांगलं सांगायचं राहू नये असं तिला वाटत होतं.) मग रस्त्यात रसवंतीवर स्कूटर थांबवलीस. तिला उसाचा रस घेऊन दिलास. ती नको म्हणाली, तू म्हणालास, पी बेटा, बरं वाटेल. तिला घोट उतरत नव्हता, पण काकांनी दिला म्हणून तिने अख्खा ग्लास संपवला. आणि तू म्हणालास, "झालं ते झालं. लग्न तर होऊनच राहिलं ना? बाबाले सांगू नको, त्याचं बीपी वाढन. मी आहो ना."

मी आहो ना! अरे, हेच तर ऐकून मी तुझ्या घरी पोर देत होतो.

मी तिला विचारलं, "हे जबाबात काहून नाही सांगतलं वं?" तर म्हणाली, "काकाले त्रास झाला असता, बाबा. त्यांनी त्याले मारलं होतं ना माझ्यासाठी." आणि मग रडली. पहिल्यांदा आवाज काढून रडली. पोलिसांपुढे नाही, डॉक्टरपुढे नाही, अभिजीतचं नाव घेताना नाही. तुझं नाव घेताना रडली. तिच्या आईने तिला धरलं आणि मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो, कारण मला दुसरं काही करता येईना.

लग्न होणार नाही. भैयाजींच्या हाती बर्फी परत पाठवली आहे, उघडलेली नाही. समाजाने मला बोलावलं तर मी येईन आणि सगळ्यांसमोर हेच सांगेन. खटला चालेल. तुझ्या पोराचं जे व्हायचं ते न्यायाधीश ठरवतील. वहिनींसाठी मला वाईट वाटतं, त्यांनी प्रणालीसाठी स्वतः पातळं निवडली होती.

उत्तर इथे संपलं. पत्र मात्र यासाठी लिहिलं नाही.

शुक्रवारी आम्ही रोशनीताईंकडे गेलो. मी त्यांना रसवंतीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, हे फार महत्त्वाचं आहे, घटनेनंतर लगेच तिने कोणाला तरी सांगितलं होतं, याने खटल्याला बळ येईल. पोलिसांकडे पुरवणी जबाब देऊ. त्यांनी पेन उघडलं. प्रणालीने त्यांचा हात धरला.

"मॅडम, थोडं थांबा ना. काका स्वतः सांगतील."

रोशनीताई माझ्याकडे बघू लागल्या. मी खाली बघितलं.

"सांगतील ते," प्रणाली म्हणाली. "तुम्ही नाही ओळखत त्यांना."

रोशनीताई गणपती बसेपर्यंत थांबायला तयार झाल्या आहेत. त्यानंतर जबाब होणारच, तू आलास तरी आणि नाही आलास तरी. मी तिला समजावलं नाही. जे तुझ्या पोराने तोडलं ते तोडलं, पण उरलेलं मी माझ्या तोंडाने कसं तोडू? ती गॅलरीत बसते. खाली कोणाची स्कूटर थांबली की वाकून बघते आणि परत येऊन बसते.

मी तुझी वाट पाहणं सोडलं आहे. तिने अजून सोडलेलं नाही.

प्रणालीचा बाप,
बाबन