राहीबाईंच्या भिंतीवरचा हिशेब

मी, स्वाती खंडेराव जगदाळे, वय ६८, राहणार सरावली, धंदा दुकानदारांचे हिशेब लिहिणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. परवाच वाण्याची तेरा रुपयांची चूक पकडली. मला कोणी भरीस घातलेले नाही.

१. सरावलीचे घर मुलगा विपुल याला. तो येऊन राहणार नाही, विकेलच. विकण्याआधी मोरीचा नळ दुरुस्त करावा, घेणाऱ्याला फसवू नये.

२. बँकेतील ठेवी सून भावना हिला, तिच्या एकटीच्या नावाने. दीर धर्माजी यांना काही नाही. कारण त्यांना ठाऊक आहे.

३. कॅल्क्युलेटर, कपाट आणि अशिलांच्या पिशव्या मदतनीस हेतल हिला. हिशेब जुळला म्हणून तो खरा ठरत नाही, हे तिने माझ्यापेक्षा लवकर शिकावे.

४. बोईसर बाजारातील माझा गाळा दांडीच्या राहीबाई तामोरे यांना. याचे कारण लिहिणे भाग आहे.

राहीबाईंचा सुक्या मासळीचा धंदा. २०१९ साली कर्जासाठी त्यांना ताळेबंद हवा होता. त्यांनी पासबुक आणि बर्फाच्या सात पावत्या आणल्या. बाकीचे कुठे, विचारल्यावर म्हणाल्या, "भिंतीवर हाय सगलं, कोळशानं. भिंत उचलून आणू काय?" मी हसले आणि दांडीला गेले नाही.

अपुऱ्या नोंदींतून ताळेबंद करताना ज्या पैशाचा माग लागत नाही, तो मालकाने घरखर्चाला घेतला असे धरून 'उचल' म्हणून लिहायची आमच्यात सवय आहे. मी एक लाख शहाऐंशी हजार उचल लिहिली. आकडे छान जुळले. कर्जही मिळाले.

तो कागद त्यांचा मुलगा धर्मेश याने शेजाऱ्यांसमोर वाचला. "आये, एवढं कुठं घातलंस?" राहीबाईंना दाखवायला काही उरले नव्हते, त्याच्याच लग्नासाठी आठ दिवसांपूर्वी भिंतीला चुना लागला होता. गल्ला त्याने ताब्यात घेतला. तेव्हापासून त्या स्वतःच्याच दुकानात रोजावर बोंबील निवडतात.

गेल्या वर्षी नाखवा पंढरी धनू माझ्याकडे आला. बोलता बोलता राहीबाईंबद्दल म्हणाला, "त्या साली पावसाल्यात मासेमारी बंद, त्या दोन महिन्यांत जाल्यांना पैसं तिनंच दिलं. आमी चार होडीवालं तिच्यामुलं उभं हाव." चौघांना विचारून बेरीज केली : एक लाख ब्याऐंशी हजार. म्हणजे ती उचल नव्हती, होडीवाल्यांकडून येणे होते. उरलेल्या चार हजारांचा पत्ता नाही. नव्या ताळेबंदात त्या रकमेपुढे 'माहीत नाही' असे लिहिले आहे.

हे सांगायला गेले तेव्हा राहीबाई बोंबील निवडतच होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तवा आल्या असत्या तर भिंत व्हती, मॅडम." मला शरम वाटली. अजून वाटते.

गाळ्याची किल्ली आजच त्यांना दिली आहे. माझ्या मरणाची वाट त्यांनी का पाहावी? गाळ्यावर धर्मेशचा हक्क नाही. दुरुस्त ताळेबंद सोबत जोडला आहे. तो हेतलने धर्मेशला मोठ्याने वाचून दाखवावा, आणि शेजाऱ्यांना बोलावून. पहिलाही तसाच वाचला गेला होता.

सही : स्वाती खं. जगदाळे
ठिकाण : दांडी, राहीबाईंची ओटी, भिंतीसमोर
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२५

साक्षीदार :
१. पंढरी धनू, नाखवा, दांडी.
२. नीलेश वावरे, रिक्षाचालक, सरावली. सरावलीहून इथे यायला अर्धाच तास लागतो, याचेही साक्षीदार.