साठच्या खाली

सोमवार, ४ ऑगस्ट
माय लातूरहून परत आली. तिथं तिला धाप लागली म्हणून आनंदराजदादानं तिथल्याच डॉक्टरला दाखवलं. फोनवर म्हणाला, "नवी गोळी हाय, रोज सकाळी एक. स्ट्रिप पिशवीत ठिवली." मी विचारलं, नांदेडच्या डॉक्टरांची चिठ्ठी दाखवलीस का? "राहिलीच की!"

म्हणजे आता सकाळी दोन, शिवाय सुजेसाठीची दुपारची लघवीची गोळी आहेच. नांदेडची गोळी मायच्या बिघडलेल्या ठोक्यांची. डॉक्टरांचं बोलणं मला पाठ आहे — हृदयाच्या वरच्या कप्प्यांची घाई ही गोळी खाली पोचू देत नाही, ठोके संथ करते. फार संथ झाले तर धोका. म्हणून आधी मिनिटभर नाडी मोजायची. साठच्या खाली असली तर गोळी द्यायची नाही, फोन करायचा. शनिवार-रविवार या गोळीला सुट्टी. मी शाळेत विज्ञान शिकवते, गोळ्यांचा डबा मीच भरते. मायला वाचता येत नाही.

नाडी ७४.

शुक्रवार, ८ ऑगस्ट
६६. ठीक.

मंगळवार, १२ ऑगस्ट
६१. माय जेवत नाही. दोनदा उलटी. "काही न्हाई, पित्त हाय." मला रात्रभर तिचा श्वास ऐकत पडावं लागतं.

गुरुवार, १४ ऑगस्ट
५७! पुन्हा मोजली — ५६. नांदेडची गोळी दिली नाही, लातूरची तेवढी दिली. दवाखान्यात दोनदा फोन लावला, कुणी उचलला नाही. तिसऱ्यांदा लावायचा राहिला.

शुक्रवार, १५ ऑगस्ट
५२. झेंडावंदनाहून आले तर माय ताटाकडे बघत बसलेली. "भाकर पिवळी दिसून राहिली, बाई. भित्त बी पिवळी." शेजारच्या तुळजाबाई म्हणाल्या, "कावीळ हाय! चल, उतरवून आणू."

मायचे डोळे पांढरे होते, मी बघितले होते. पिवळं तिला दिसत होतं, ती पिवळी नव्हती. तरी गेले! कावीळ उतरवणाऱ्यानं चुन्याच्या पाण्यात तिचे हात धुतले, पाणी पिवळंधमक. "बघा, उतरली!" बाबा असते तर त्या माणसाला आणि मला, दोघांनाही हाकललं असतं. बावीस प्रतिज्ञा ऐकत वाढलेली मी. पण काळजापेक्षा कावीळ परवडली, असं वाटलं. भीती काहीही करायला लावते.

रविवार, १७ ऑगस्ट
नांदेड. आयसीयूबाहेर लिहितेय.

सकाळी नाडी ४२. माय उठता उठता पडली. गाडी करून आणली. डॉक्टरांनी दोन्ही स्ट्रिपा उलट्या करून बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. "कंपन्यांची नावं वेगळी, औषध एकच. मॅडम, हिला दुप्पट गेलंय." वर लघवीच्या गोळीनं पोटॅशियम उतरलेलं, त्यामुळे हे औषध जास्तच बाधतं. मळमळ, पिवळं दिसणं — सगळं त्याचंच.

म्हणजे साठच्या खाली गेल्यावर मी एका हातानं गोळी बंद केली आणि दुसऱ्या हातानं तीच दिली. सुट्टीच्या दिवशीसुद्धा दिली. इंग्रजी मला येतं. स्ट्रिप उलटी करायला किती वेळ लागतो?

दादा निघालाय. त्याला काय सांगू?

मंगळवार, १९ ऑगस्ट
५८. मॉनिटरचा आवाज जरा लांबला की उठून आकडा बघते.

दादानं विचारलं, "कुणी दिल्या दोन-दोन?" माय पडल्या पडल्या म्हणाली, "मीच खाल्ल्या. ध्यान न्हाई राहिलं." दादा तिच्यावरच ओरडला. मी खाली बघत बसले.

शनिवार, २३ ऑगस्ट
घरी. ६८. दादाला फोन करून सगळं खरं सांगितलं. मग मायचे पाय धरले. ती म्हणाली, "दोन्ही गोळ्या जिभंला येकच लागायच्या गं. पन तू शिकलेली. म्हून इचारलं न्हाई."